शिमग्याचे पाच दिवस आणि फॉर्म डी

“मॅडम, पुरुषांच्या रकान्यात ‘जड वजन उचलणे’ एवढं घाला. शाई तीच वापरा, म्हणजे आत्ता लिहिलंय असं वाटणार नाही,” वर्क्स मॅनेजर सबनीस साहेब म्हणाले आणि रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. परवा सरकारी लेबर ऑफिसर तपासणीला येणार होते.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. पळस्प्याजवळच्या एका औषध कंपनीत मी पर्सोनेल ऑफिसर होते. हजेरी, रजा, नेमणुका आणि कामगार कायद्यांची सगळी रजिस्टरं माझ्या टेबलावर. साहेबांनी पुढे केलेलं रजिस्टर म्हणजे फॉर्म डी. समान वेतन कायद्याखाली ते ठेवावंच लागतं. कोणतं काम, त्यावर किती पुरुष, किती बायका, कोणाला काय दर, एवढंच त्यात लिहायचं असतं. इतकं साधं रजिस्टर, पण ते खरं भरलेलं मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं.

आमच्याकडे गोळ्यांच्या स्ट्रिप बनायच्या. मशीनवर फॉईलचे दोन रोल असतात, वरून गोळ्या पडतात, गरम रोलर फॉईल चिकटवतात आणि पुढे स्ट्रिप कापली जाते. प्रत्येक मशीनवर एक पुरुष आणि एक बाई. पुरुषाला म्हणायचं ऑपरेटर, बाईला हेल्पर. पगारात जवळजवळ दुपटीचा फरक. कामात काय फरक, ते मी कधी मशीनपाशी उभं राहून पाहिलंच नव्हतं. बायकांच्या कामाचं वर्णन ‘मशीनवर मदत’, हे तीन वर्षं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

लेबर ऑफिसात कमी पगाराची तक्रार केली होती करंजाड्याच्या गुणाबाईने, आमच्याच एका हेल्परने. अर्ज कोणाकडून तरी लिहून घेऊन खाली अंगठा उठवला होता. साहेबांना माझ्याकडून दुसरा कागद हवा होता तो तिच्या चार्जशीटचा. ‘परवानगीशिवाय मशीन सोडून जाणे’ हा आरोप. एकदा चार्जशीट हातात पडली की नोकरी जायला वेळ लागत नाही. मिठागराचं काम सुटल्यापासून नवरा घरीच होता. ते घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं.

मी रजिस्टर बंद केलं आणि पॅकिंग हॉलमध्ये जाऊन स्टूलवर बसले. अख्खी शिफ्ट बसले. रोलरचं तापमान लावलं गुणाबाईने. फॉईल संपली तेव्हा जोड दिला गुणाबाईने. स्ट्रिपमधला गोळीचा एक खण रिकामा निघाला, मशीन थांबवलं तिनेच. ऑपरेटर दत्ता काही आळशी नव्हता. आळीपाळीने तोही हेच करत होता. मग फॉईलचा नवा रोल ट्रॉलीवरून आला. एक टोक दत्ताने धरलं, दुसरं गुणाबाईने.

“एकट्याने चढवतोस का रे कधी?” मी दत्ताला विचारलं.

“एकट्यानं? कंबर मोडून घ्यायचीय का मॅडम?”

गुणाबाई माझ्याकडे वळली. “तुमी आज बगताय. शिमग्याला कुटं होतात? ह्ये सगले गावाला गेले, पाच दिस आमीच चालवल्या मशीनी. तवा सायेब बोलला, वाघिनी हाव तुमी. खण-नारल दिला. आन पगाराच्या टायमाला आमी हेल्पर!”

तिचं खरं होतं. आमचे ऑपरेटर बहुतेक महाड-खेडकडचे. शिमग्याला पालखी नाचवायला ते जाणार म्हणजे जाणारच, रजा मंजूर करा नाहीतर करू नका. त्या वर्षी नेमकी मोठी ऑर्डर अडकली होती. मी त्या आठवड्यात माहेरी गेले होते. परत आल्यावर खण-नारळाचं कळलं तेव्हा मला साहेबांचं कौतुकच वाटलं होतं. आठवलं की आजही लाज वाटते.

ऑफिसात येऊन मी फाईल काढली. शिमग्यानंतर साहेबांनी मुंबईच्या हेड ऑफिसला पत्र पाठवलं होतं, स्वतःची पाठ थोपटून घ्यायला. ‘सर्व ऑपरेटर गैरहजर असताना महिलांकडून पाचही दिवस मशीन स्वतंत्रपणे चालवून घेतल्या. उत्पादनात घट नाही.’ खाली झोकदार सही. खण-नारळाच्या मंजुरीसाठी एक प्रत माझ्या फाईलला लागली होती. वाचून माझ्या मस्तकात तिडीक गेली. मोठेपणा मिरवायचा तेव्हा त्या मशीन चालवतात आणि पगार द्यायचा तेव्हा मदत करतात!

तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

“रजिस्टरमध्ये मी काही घालणार नाही. चार्जशीटही काढणार नाही. आणि ऑफिसरना हे पत्र दाखवणार.”

“अहो, तेव्हा अडचण होती. बायकांनी सांभाळून घेतलं.”

“सांभाळून घेतलं म्हणजे मशीन चालवल्या.”

“बरं, मग पुरुषांचा दर खाली आणू. झालं समान!”

“तेही कायद्यात बसत नाही. बरोबरी करायची म्हणून कोणाचा पगार उतरवता येत नाही.”

“मॅडम, तुम्हाला पगार कोण देतं?”

“कंपनी देते. पण खोटं लिहायचा देत नाही.”

तोंडाने बोलले खरी, पण जिना उतरताना मनात हप्ते मोजत होते. पनवेलचं आमचं घर नुकतंच कर्जावर घेतलेलं होतं.

ऑफिसर आले. रजिस्टर चाळून त्यांनी एकच प्रश्न विचारला, “मदत म्हणजे नक्की काय करतात?” साहेबांनी जड वजनाचं पुराण लावलं. ते ऐकून घेऊन ऑफिसर हॉलमध्ये गेले, दत्ताला बाजूला उभं केलं आणि गुणाबाईला म्हणाले, “चालवा.”

तिने मशीन सुरू केलं. पहिलीच स्ट्रिप वाकडी निघाली. साहेब हसले. इतका राग मला नोकरीत कधी आला नव्हता. गुणाबाईने मशीन थांबवलं, फॉईल सरळ केली, परत सुरू केलं. मग स्ट्रिप पडत राहिल्या, एकसारख्या.

“आज पहिल्यांदाच एकटीने चालवतायत?” ऑफिसरनी विचारलं. मी पत्र पुढे केलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि साहेबांना म्हणाले, “सही तुमचीच ना?”

साहेबांना ‘हो’ म्हणावं लागलं.

पुढे तीन-चार महिने बैठका झाल्या. शेवटी सगळ्या बायकांना ऑपरेटरचं पद आणि ऑपरेटरचा दर मिळाला. मागच्या वर्षांचा फरक पूर्ण मिळाला नाही, अर्ध्यावर तडजोड झाली. चार्जशीट निघाली नाही. माझं प्रमोशनही निघालं नाही, पण त्याची मला अपेक्षाच नव्हती.

ऑपरेटर केल्याचं पत्र मिळालं त्या दिवशी गुणाबाई ते घेऊन माझ्याकडे आली. मी वाचून दाखवलं. तिने परत वाचायला लावलं. मग म्हणाली, “मॅडम, माजी पोर मॅट्रिक झाली. तिला लावाल का इतं?”

त्याच सकाळी माझ्या टेबलावर साहेबांची नोट आली होती. ‘यापुढे पॅकिंगमध्ये फक्त पुरुष उमेदवार घ्यावेत.’ मी तिला म्हटलं, अर्ज आण, बघते. याहून खोटं मी त्या रजिस्टरमध्येही लिहिलं नव्हतं.

बाई म्हणून नोकरी नाकारणं याच कायद्याने मना आहे, असं मी हेड ऑफिसला लेखी कळवलं. उत्तर आलं, सध्या भरतीच बंद आहे. पुढच्या महिन्यात कॉन्ट्रॅक्टरकडून दोन पुरुष मशीनवर लागले. मी लेबर ऑफिसात गेले, तर त्या ऑफिसरची बदली झालेली. नव्यांनी माझा अर्ज ठेवून घेतला आणि तो ठेवलेलाच राहिला. मी नोकरी सोडेपर्यंत पॅकिंगमध्ये एकही नवी बाई लागली नाही. जुन्या एकेक करून निवृत्त झाल्या. गुणाबाईची मुलगी तळोज्याच्या एका कारखान्यात लागली. मशीनवरच. हेल्पर म्हणून.

कामगार कायद्यांच्या तपासणीच्या कामात नव्याने येणाऱ्या पोरापोरींना मी एवढंच सांगते. पगाराचं रजिस्टर चोख दिसलं की चहा पिऊन उठू नका. भरतीची फाईल मागा.