हात खाजतात, मलम पायाला

तळहातावर बारीक पाण्याच्या पुटकुळ्या उठल्या म्हणून त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी हात जेमतेम पाहिले आणि म्हणाल्या, "मोजे काढा."

मी गोंधळले. दुखणं हाताला, आणि या पाय कशाला बघतायत?

पायाच्या करंगळीच्या बेचक्यात चिखल्या होत्या. मला त्या कधी जाणवल्याही नव्हत्या. "बुरशी इथं आहे," बाई म्हणाल्या. "हातावर ती नाहीच. पण कधीकधी पायाचं हातावर उठतं."

"असं का होतं?"

"काहींना होतं, काहींना नाही. मलम पायालाच लावा."

घरी येऊन पायाला मलम चोळत बसले. खाजत मात्र हातच होते. न दुखणाऱ्या जागी औषध लावताना आपण कुणा दुसऱ्याचीच सेवा करतोय असं वाटत राहिलं.

सकाळी लेकीला मी वाट्टेल ते बोलले होते, ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून. टॉवेल तर ती शाळेत असल्यापासून तिथेच टाकते. पुढच्या आठवड्यात नोकरीसाठी बंगळुरूला निघालीय.

मलमाची ट्यूब हातात धरून मी पलंगाकडे पाहिलं. टॉवेल अजून तिथेच होता. तो उचलावा की राहू द्यावा, तेही मला कळेना.