पंचम जॉर्जच्या गळ्यातला हत्ती

कांचनवहिनींना शिसारी फार लवकर यायची. बदलीवर चंदीगडला आलेल्या आम्हा मराठी घरांत त्याची थट्टा चालायची. दुधाची पिशवी साबणानं धुतल्याशिवाय त्या ओट्यावर टेकू देत नसत, आणि परक्या घरचा पेला आधी नाकाशी नेत. नवरा विश्राम केंद्र सरकारच्या नोकरीत. वहिनींचं माहेर कराडकडचं, अन् बोली अजून तिकडचीच. भाजीवाल्याशी हिंदी बोलतानाही हेल कृष्णाकाठचा.

त्यांच्या देव्हाऱ्यात चांदीचा रुपया होता. पंचम जॉर्जचा, १९११ सालचा. आईनं लग्नात ओटीत घातलेला. त्याच वर्षी आई गेली, तिच्या हातचं एवढंच उरलं. धनत्रयोदशीला तो चिंचेनं घासायचा, दुधानं न्हाऊ घालायचा, हळदकुंकू वाहायचं आणि ते दूध तीर्थ म्हणून घरादारानं प्यायचं.

यंदा वहिनींनी रुपया घासला आणि मुलगी अवनीनं त्याचा फोटो मोबाइलवर मोठा करून पाहिला. पोरगी चौतीस सेक्टरात क्लासला जाते, मराठी तिला समजतं, पण बोलते हिंदी.

"मम्मी, राजा के गले में सूअर लटका है."

वहिनींनी रुपया मोरीत भिरकावला. सासऱ्यांच्या शेवटच्या आजारात त्यांनाही हेच तीर्थ पाजलं होतं. ते आठवलं आणि त्यांना भडाभडा उलटी झाली.

विश्रामरावांनी रुपया चिमट्यानं उचलला. तोवर अवनीनं नेटवर शोधलं. ते डुक्कर नव्हतं, हत्ती होता. हिंदुस्थानच्या साम्राज्याचा मान म्हणून राजाच्या गळ्यात जी साखळी असायची, तिच्यात हत्ती गुंफलेले. कारागिरानं सोंड इतकी आखूड कोरली की तेव्हाही लोकांना डुक्करच दिसलं, ते भडकले. सरकारनं नाणी मागं घेतली आणि पुढच्या वर्षी ठसठशीत सोंडेचा साचा केला. विश्रामरावांचा जीव भांड्यात पडला. म्हणाले, गणपतीच निघाला की, धू आणि ठेव जागेवर.

वहिनींनी चष्मा लावला. इतक्या वर्षांत नुसतं घासलं होतं, बघितलं नव्हतं. मुकुट, दाढी, भरजरी झगा, आणि साखळीला लोंबणारा तो इवलासा हत्ती. त्यांचं तोंड आणखीच वाकडं झालं.

"डुक्कर परवडलं असतं," त्या म्हणाल्या. "हत्ती आपला हाय. त्यो ह्या मेल्यानं गळ्यात लटकावला, आन मी ह्येच्याच थोबाडाला कुंकू लावत बसले."

"अगं, आईंची आठवण आहे ती."

"आईनं चांदी दिली. थोबाड न्हाई दिलं."

दुसऱ्याच दिवशी त्या सोनाराकडं गेल्या. सरदारजी हळहळला. जुनं नाणं आहे बहनजी, म्हणाला, शौकीन लोक जपून ठेवतात. वहिनींनी स्टूल ओढलं आणि मुशीसमोरच बसल्या.

"गलाओ जी. मेरे सामने."

आधी कडेची अक्षरं गेली, मग हत्ती. मुकुटाखालचं नाक तेवढं बराच वेळ टिकलं. पदर तोंडाला लावून वहिनी ते विरघळेपर्यंत बघत राहिल्या.

मग सोनारानं विचारलं, काय घडवू. त्यांनी चप्पल काढून पाऊल पुढं केलं आणि जोडव्यांचं माप दिलं.