खोगीर डोक्यावर

पिरॅमिडांच्या पायथ्याशी आमची घोडेवाल्यांची वस्ती. वाळवंटातून अबूसिरपर्यंत पाहुण्यांना घोड्यावरून नेणारी बाई अख्ख्या वस्तीत एकच, फिक्रिया. माझं खोगीर शिवायचं दुकान बाजारात आहे, म्हणून पुढचं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

नवरा गेला तेव्हा ती चाळीस दिवस सुतकात घरात बसली. शेजारच्या तबेल्याचा मालक दिसूकी, ज्याला सगळे मुअल्लिम, म्हणजे उस्ताद, म्हणत, सांत्वनाला आला आणि म्हणाला, "बाई, लुलियाची काळजी करू नकोस. माझ्याकडे चारापाणी होईल तिचं."

लुलिया तिची पांढरी घोडी, शिंगरू असल्यापासून हाताने वाढवलेली.

मध्येच ईद आली. चार दिवस दिसूकीने त्या घोडीला सकाळपासून अंधार पडेपर्यंत भाड्याने पळवलं. कैरोहून येणारी पोरं आळीपाळीने पाठीवर बसत आणि टाचा मारत. घोडी परत आली ती तोंड फाटलेली, पुढचा पाय सुजलेला. हिवाळ्यात एकदा बसली ती उठलीच नाही.

"जनावर आहे बाई, मरायचंच," दिसूकी म्हणाला.

फिक्रियाने दुसरी घोडी घेतली, मग आणखी तीन घोडे. दिसूकी समोर आला की ती त्याच्या तोंडाकडे बघायची आणि पुढे जायची. अशी सात वर्षं गेली.

मग एका वसंतात वाळूचं वादळ झालं. ते ओसरल्यावर दोन पाहुण्यांना घेऊन ती अबूसिरहून परतत होती. वाटेत एका टेकाडाआड दिसूकी बसलेला दिसला. पाणी संपलेलं, त्याचा करडा घोडा पुढच्या पायाने लंगडत होता. फिक्रियाबरोबर एक घोडा रिकामा होता.

तिने आधी त्याच्या घोड्याला पाणी पाजलं. उरलेलं त्याला दिलं. मग त्या लंगड्या घोड्याचं खोगीर उतरवून दिसूकीच्या पायाशी टाकलं. चांदीची फुलं जडवलेलं खोगीर ते, वस्तीत त्याचा केवढा तोरा.

"तो रिकामा घोडा दे," दिसूकी म्हणाला.

"माझ्या घोड्यावर तू बसायचं नाहीस. तुझं खोगीरही चढायचं नाही."

"बाई, दोन तासांची वाट आहे."

"मग चल लवकर."

चांदी वाळूत टाकवेना. त्याने खोगीर डोक्यावर घेतलं.

तबेल्यांकडे मागून एक जवळची वाट आहे. फिक्रियाने ती घेतली नाही. दुपारच्या नमाजानंतर कॉफीची दुकानं गच्च भरलेली असताना ती भर बाजारातून आली, लंगड्या घोड्याच्या चालीने, सावकाश. मागे दिसूकी.

"मुअल्लिम," कोणीतरी विचारलं, "आज खोगीर तुमच्यावर? मग बसणार कोण?"

सगळा बाजार हसला. दिसूकीने खोगीर माझ्या फळीवर आदळलं. "पट्टा तुटलाय, शिवून ठेव," म्हणाला. पट्टा धडधाकट होता.

त्यानंतर तो घोड्यावर बसला नाही. तबेला मुलगे बघू लागले. महिन्याभराने त्याची बायको तुपातल्या बिस्किटांची थाळी घेऊन फिक्रियाकडे गेली.

"ताई, झालं ना तुझ्या मनासारखं? आता सोड."

"लुलियाला त्याने चार दिवस पळवलं," फिक्रिया म्हणाली. "मी त्याला एक दुपार चालवलं."

थाळी तशीच परत गेली.

आता दिसूकी संध्याकाळी कॉफीच्या दुकानात कोपऱ्यातली खुर्ची धरून बसतो. फिक्रिया अजूनही रोज बाजारातूनच घरी जाते. त्याच्यासमोर आली की लगाम ओढते आणि घोडी एकेक पाऊल चालवते.