शेजारच्या ओसरीवरचे पाढे

मंडळी, आज सकाळी देवाला पाणी घालताना माझं चित्त शेजारच्या ओसरीवर होतं. तिथं पाढे चालले होते.

मास्तरांची बदली झाल्यापासून महिनाभर आमच्या शाळेला कुलूप आहे. शेजारच्या भीमरावांनी तेर गावाहून एक मास्तर आणून घरीच ठेवले. माझी लेक चंद्रा मात्र ज्वारीवरची पाखरं हाकते. मी तिला शिकवावं, तर निजामाच्या काळातल्या शाळेमुळं मला पाढे उर्दूतच येतात.

खरं सांगतो, देवासमोर उभा राहून मी जळत होतो.

तेवढ्यात चंद्रा म्हणाली, "आबा, त्यांची पोरं सतरावर गेली. मी अजून बारावरच हाय."

तसाच भीमरावांच्या दारात गेलो. "माझ्या पोरीलाबी बसू द्या."

ते हसले. "महिन्यानं तोंड उघडलं व्हय? लई मानी बघा तुम्ही! अन् पाखरं कोण हाकणार?"

"मी हाकतो."

मत्सर अजून गेलेला नाही. त्यांना पोरांसाठी कुणाच्या दारात जावं लागलं नाही, मला जावं लागलं. तुमच्या गावची शाळा बंद पडली, तर कुणाची पोरं रानात जातात?

आज चंद्रा त्या ओसरीवर बसली. दिवसभर गोफण घेऊन ज्वारीतल्या माळ्यावर मी उभा होतो.