बडेबाबूंचा कुलूपवाला डबा

गुपित सांभाळण्यात आमच्या शाळेच्या हेडक्लार्क बडेबाबूंएवढा पक्का माणूस साऱ्या नागपुरात झाला नसेल, आणि ते उधळण्यात माझ्याएवढा ढिला मास्तरही. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मुलांच्या घरच्या आणि प्रकृतीच्या नोंदींची वही मी वर्गात टेबलावर उघडी टाकून चहाला गेलो. परतेपर्यंत पोरांनी वाचलं होतं की शोभाला मिरगी आहे. दुसऱ्या दिवसापासून मागच्या बाकांवर फिट आल्याच्या, चप्पल हुंगवण्याच्या नकला सुरू झाल्या. मामाकडे राहून शिकणारी ती मुलगी आठवड्याभरात शाळा सोडून कन्हानला परत गेली. वही कोणी टाकली हे तिला कळलं नाही. मीही सांगितलं नाही.

बडेबाबूंना मात्र कळलं. ‘‘काहून गा मास्तर, वही होती का वर्तमानपत्र?’’ एवढंच म्हणाले आणि वही ताब्यात घेतली. मुळात हा गृहस्थ टीपकागद रोज जाळणारा. का, तर आरशात धरला की उलटी अक्षरं सुलटी होतात. टाइपरायटरची जुनी रिबीनही घरी नेऊन चुलीत घालत. आता त्यांनी चार पुडांचा पितळी जेवणाचा डबा घेतला, कडीला कुलूप लावलं आणि एकेका पुडात एकेका वर्गाची चोपडी ठेवली. पोळीभाजी कागदात आली, तेल सदऱ्यावर उतरलं. दाढी करतानासुद्धा डबा मांडीवर. न्हाव्यानं एकदा विचारलं, ‘‘काय हाये जी यात?’’ ‘‘कारलं. पायजे?’’ न्हावी वस्तऱ्याकडे वळला.

तेवढ्यानंही त्यांचं समाधान होईना. ‘‘कुलूप तर गोट्यानंबी फुटते,’’ म्हणाले, आणि प्रत्येक अक्षराच्या जागी पुढचं अक्षर लिहू लागले. मिरगीची ‘यिलघी’ झाली. हे वाचायची किल्ली त्यांनी फक्त मला सांगितली. मी चकित होऊन कारण विचारलं. ‘‘तुमच्याच्यानं आता वही उघडी टाकणं होत नाही, म्हणून.’’

पुढच्या वर्षी संस्थेच्या चिटणीसांच्या कानावर गेलं की मॅट्रिकच्या वर्गात एका मुलीला फिट येतात. ‘‘नाव सांगा. परीक्षेआधी तिला काढायचं. शाळेची बदनामी नको.’’ त्यांनी सर्वांसमक्ष डबा उघडायला लावला, चोपडी ओढली आणि खड्या आवाजात वाचलं, ‘‘यि... यिल... यिलघी?’’ चित्रकलेचे मास्तर खोकू लागले.

‘‘हे काय लिहून ठेवलं?’’

‘‘अक्षर खराब हाये साहेब माझं,’’ बडेबाबू म्हणाले. त्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं.

चिटणीस माझ्याकडे वळले. माझ्या कायम नोकरीचा कागद सहीसाठी त्यांच्यापुढेच होता. ‘‘तुम्ही वर्गशिक्षक. वाचा.’’

त्या मुलीचं नाव मला स्वच्छ दिसत होतं. ‘‘नाही वाचता येत, साहेब.’’

कागदावर सही न करताच ते तणतणत गेले. बडेबाबूंनी चोपडी पुडात ठेवली, कुलूप खटकन लावलं आणि डबा हँडलला अडकवून मिरवणुकीतल्या पालखीसारखी सायकल फाटकाबाहेर काढली. शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. ती मुलगी मॅट्रिक झाली, तेव्हा त्यांनी साऱ्या शाळेला पेढे वाटले. कशाचे, ते कोणाला सांगितलं नाही.

पेढा हातावर ठेवताना मला मात्र हळूच म्हणाले, ‘‘एक तर वाचली, मास्तर. दुसरीले काय सांगसान?’’

रविवारी मी एसटीनं कन्हानला गेलो. शोभा अंगणात गहू निवडत होती. मला पाहून उठली, पदर सावरून ‘‘या सर’’ म्हणाली. मी बसलो नाही.

‘‘शोभा, वही मी उघडी टाकली होती,’’ मी म्हणालो. ‘‘आणि वर्षभर गप्प राहिलो. मला माफ कर, पोरी.’’