तुमकूर रस्त्यावरचे तीन हॉर्न

मंडळाचा फलक वाचणाऱ्या मित्रांनो, हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

कॉलेज सोडल्यापासून रोज दुपारी भावाच्या फटफटीवरून मी तुमकूर रस्त्यावरच्या एका घरासमोर तीनदा हॉर्न वाजवतो आणि सुसाट निघतो. वळून पाहिलं की त्या घरातली मुलगी खिडकीत आलेली असते. तेवढ्यावर माझा दिवस जातो.

आज तिथे एक लॉरीवाला भोंगा वाजवत उभा होता. माझं डोकं फिरलं. फटफटी कोपऱ्यावर लावून मी त्याची कॉलर धरली, तोच ती धावत बाहेर आली.

"अहो, सोडा त्याला! लॉऱ्यांची अण्णांना सवय आहे. रात्रपाळीहून येऊन दुपारी स्वल्प झोपतात. पण कुणी मेला रोज तीनदा हॉर्न वाजवतो, तेव्हा दचकून उठतात. मी खिडकी लावायला धावते, तरी उशीरच होतो. काल कारखान्यात मशीनवर डुलकी लागून त्यांचं बोट चिरलं. पाहिलाय का तुम्ही त्याला?"

"नाही," मी म्हणालो.

मागे दारात तिचे वडील, अण्णा, उभे होते. डोळे लाल, बोटाला पट्टी. म्हणाले, "आमच्यासाठी कुणीतरी भांडलं, बरं वाटलं."

निघताना कळलं, अण्णा दर रविवारी मंडळात येऊन हा फलक वाचतात. त्याआधी मीच जाऊन सांगू, की हा कागद काढून टाकू?