फोल्डरवरचा छोटा बाण

आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. वही मुलीची जुनी आहे, मागची पानं कोरी होती. कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही. पण कोणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घाला.

चारकोपला आमच्या सेक्टरमधल्या बायकांचा मंगळागौरीचा ग्रुप आहे. श्रावणात आम्हाला बोरीवली, मुलुंडपर्यंत बोलावणी येतात. मी मागे उभी राहून गाते. पुढे यायला मला लाज वाटते. ग्रुप चालवतात त्या वहिनी. त्यांच्याकडे मी दुपारी पोळ्या करते. त्यांच्या कॉम्प्युटरवर ग्रुपचे सगळे खेळ, सगळी गाणी होती. पोळ्या झाल्या की त्या मला शेजारी बसवून एखादं गाणं लावायला सांगत. पिवळ्या फोल्डरवर दोनदा टिचकी मारली, आतल्या चित्रावर पुन्हा दोनदा मारली की व्हिडिओ सुरू होतो, एवढं मला येऊ लागलं. एकदा सगळ्यांसमोर वहिनी म्हणाल्या, "हिला कॉम्प्युटर येतो हं." बायका माझ्याकडे वळून बघायला लागल्या. मला ते फार आवडलं, हे आज लिहायलाही लाज वाटते.

वहिनींचा कॉम्प्युटर जुना झाला. त्यांचा मुलगा तो साफ करून कोणाला तरी देऊन टाकणार होता. म्हणून ग्रुपने वर्गणी काढून मार्केटमधल्या दुकानातून हार्ड डिस्क आणली. पत्त्यांच्या कॅटएवढी काळी डबी आणि वीतभर वायर. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्या पलंगावर. म्हणाल्या, "तूच घे गं भरून, तुला येतं."

मी वायर लावली. डबीवर निळा दिवा लुकलुकला, स्क्रीनवर नवीन खिडकी उघडली. मुलीला मी हे करताना पाहिलं होतं. समोरचे सगळे पिवळे फोल्डर निवडले, कॉपी केले, डिस्कमध्ये टाकले. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच झालं. मला खटकलं. मुलीने एका लग्नाचे व्हिडिओ असेच भरले होते तेव्हा अख्खी दुपार गेली होती. म्हणून डिस्कमधला एक फोल्डर उघडून बघितला. फुगडीचा व्हिडिओ छान सुरू झाला. फोल्डरच्या कोपऱ्यात एक छोटा वाकडा बाण होता. मला वाटलं, असेल नक्षी.

"झालं का गं?" आतून वहिनी.

"हो, झालं."

"एवढ्यात?"

"नवीन आहे ना, फास्ट आहे."

मुलीला एक फोन केला असता तर? पण ती म्हणाली असती, आई, तुला नाही जमायचं, हात लावू नकोस. ते मला ऐकायचं नव्हतं.

कॉम्प्युटर साफ झाला, गेला. श्रावणाच्या तोंडावर नव्या बायकांना खेळ शिकवायचे म्हणून एकीने लॅपटॉप आणला. डिस्क लावली. नावं सगळी दिसली, पण एकही फोल्डर उघडेना.

आमच्यात एक गिरणीवाली आहे, मालवणची, आवाज तिच्या गिरणीच्या वर. ती म्हणाली, "मेल्यान डुप्लिकेट माल दिल्यान! चला गं सगळ्या!"

सगळ्या दुकानात गेल्या. मीही गेले, सगळ्यांच्या मागे. दुकानदाराने डिस्क आपल्या कॉम्प्युटरला लावली, बघितली आणि शांतपणे म्हणाला, "ताई, डिस्क एकदम ओके आहे. हे बघा, प्रत्येक फोल्डरवर बाण आहे. हे नुसते शॉर्टकट. ज्या कॉम्प्युटरवरून भरलं, त्याच्यावर उघडतात, दुसरीकडे नाही. माल आलाच नाही, फक्त पत्ता आला."

त्या सगळ्यांत तो काय बोलतोय ते एकट्या मला समजलं.

"आम्हाला शिकवतोस?" गिरणीवाली ओरडली. "बायका बघून वाट्टेल ते सांगतोस! पैसे टाक परत!"

दुकानात गर्दी जमली. आलेलं गिऱ्हाईक परत फिरलं. तो माझ्याहून बराच लहान, कपाळाला घाम आला होता. त्याने गल्ला उघडला आणि पैसे काढून दिले. वापरलेली डिस्क आता त्याच्याकडून कोण घेणार होतं? मी माझ्या चपलांकडे बघत होते. तोंड उघडायला कितीसा वेळ लागला असता? गिरणीवालीने सेक्टरच्या व्हॉट्सअॅपवरही टाकलं, त्या दुकानात कोणी जाऊ नका.

घरी मुलीला हळूच विचारलं, तो बाण कसला असतो? ती हसली. "आई, बाणवालं कॉपी नसतं करायचं. कुठल्या गाढवाने केलं?"

"आमच्यातल्या एकीने," मी म्हटलं.

मार्केटात जायचा मी रस्ता बदलला. पण डोळ्यासमोरून त्याचं कपाळ जाईना. गणपतीत मोदकांच्या ऑर्डरी घेतल्या होत्या, त्यातले थोडे पैसे रुमालात बांधून गेले. दुकान रिकामं होतं. काउंटरवर ठेवले.

"काय देऊ, काकी?"

"काही नको. त्या दिवशी डिस्क... ती मी भरली होती. तुमचं काही चुकलं नव्हतं." आवाज माझा मलाच ऐकू येईना.

तो म्हणाला, "वाटलंच मला. सगळ्या माझ्या अंगावर येत होत्या, तुम्ही एकट्याच खाली बघत होता."

नको म्हणाला नाही. बरं वाटलं. नको म्हणाला असता तर मी कुठे गेले असते? मग जमतील तसे डिस्कचे पैसे नेऊन देत राहिले. शेवटचे थोडे उरले तेव्हा त्याने हात मागे घेतला.

"हे राहू दे. पैशाचं काय आहे, काकी? तुमच्या सेक्टरच्या बायका माझ्याकडे साधी केबल घ्यायला येत नाहीत. त्यांना सांगाल?"

मी पैसे पुन्हा रुमालात बांधून परत आले.

पुढच्या सरावाला खेळ संपला, सगळ्या धापा टाकत बसल्या होत्या. मी उभी राहिले. ग्रुपमध्ये पहिल्यांदाच पुढे. सगळं सांगितलं, फास्ट आहे म्हणाले तेसुद्धा. वहिनींनी चष्मा काढून पदराने पुसला. "विचारायचंस गं मला," एवढंच म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. गाणी तर गेलीच होती.

मग गिरणीवाली, "अगो बाय माझे! आणि मी त्या माणसाक काय काय बोललंय! आता त्याका तोंड कसा दाखवू?" तिने तिथल्या तिथे मोबाईल काढून सेक्टरच्या व्हॉट्सअॅपवर लिहिलं की दुकानदार खरा होता, चूक आमची. माझं नाव लिहिलं नाही. मी लिही म्हटलं तर म्हणाली, "गप बस."

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर दुकानात आली. गरज नसताना एक चार्जर मागितला, किंमतसुद्धा पाडून मागितली नाही. तिच्या आडून पुढे होऊन मी रुमाल सोडला. दुकानदाराने नोटा मोजल्या आणि गल्ल्यात टाकल्या.

"झाले, काकी," तो म्हणाला. "पूर्ण आले."